चिकटवलेली नऊ कार्डं

नऊ कार्डं पुठ्ठ्यावर चिकटवून, वर वजन म्हणून प्रेशर कुकर ठेवून मी चहा करायला उठलो, तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. ओळी सरळ आल्या होत्या. दोन कार्डांमधलं अंतर मी व्हर्नियरनं मोजलं होतं. इथे जर्मनीत, झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात वीस वर्षं गाड्यांच्या दारांच्या फटी मोजणारा माणूस दुसरं काय करणार? गोंद लाकडापासून चिनीमातीपर्यंत काहीही जोडणारा होता. तो आधी पुठ्ठ्याला लावा, अशी ट्यूबवर सूचना होती, ती पाळली. ट्यूबवरचं सगळं वाचलं. कार्डांवरचं तेवढं वाचायचं राहिलं.

आमच्या लहानपणी पुण्यात बबलगमबरोबर क्रिकेटवाल्यांची कार्डं मिळायची. पुढे फोटो, मागे छापलेले रन. ठरावीक रन जमले की दुकानदार एक चित्रांचं पुस्तक द्यायचा. माझी कार्डं कंपासपेटीतून एकेक करत नाहीशी झाली. मी दादावर आळ घेतला; तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. "देवाशप्पथ नाही," म्हणाला. पुढे पस्तीस वर्षं मी त्याला कार्डचोर म्हणत आलो, त्याच्या लग्नात वहिनीच्या माहेरच्यांसमोरसुद्धा. तो नुसता हसायचा.

गेल्या हिवाळ्यात त्याचा फोन आला, मी मीटिंगमध्ये होतो.

"तुझं काहीतरी माझ्याकडे राहिलंय रे. आलास की घेऊन जा."

मला वाटलं, फ्लॅटचे कागद असतील. "आल्झो, संध्याकाळी करतो फोन," म्हणालो; 'बरं तर'साठीचा हा जर्मन शब्द तोंडात बसलाय.

"बरं. आल्झो तर आल्झो."

संध्याकाळी मी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी वहिनीचा आला. मी पुण्यात पोचलो तेव्हा अस्थीसुद्धा गोळा करून झाल्या होत्या.

तेराव्यानंतर वहिनीनं बिस्किटाचा एक डबा हातात ठेवला. "भावजी, यांनी तुमच्यासाठी काढून ठेवला होता." आत बारा कार्डं. मी झाकण लावलं ते इथे येऊन दहा महिने उघडलं नाही.

वर्षश्राद्धाच्या आत ती भिंतीवर लावायची ठरवलं. फ्रेमवाल्यानं सांगितलेला आकडा ऐकून मी "फार सुंदर" म्हणून दुकानाबाहेर पडलो. मग आमच्याच गल्लीत, फुटपाथवर 'फुकट न्या' लिहिलेल्या खोक्यात एक फ्रेम मिळाली. समोरच्या म्हातारबाबांचं घर रिकामं करत होते. काचेमागे त्यांच्या लग्नाचा फोटो तसाच होता. घरी आणून मी तो काढला, आणि कुठल्या डब्यात टाकायचा ते कळेना. कागदाच्या डब्यात फोटो चालत नाहीत. इतर कचऱ्यात टाकायला हात होईना. शेवटी आमच्या विम्याच्या फाइलीत ठेवला. अजून तिथेच आहे.

तर मी चहा घेऊन आलो तेव्हा बायको उरलेल्या तीन कार्डांपैकी एक खिडकीपाशी उलटं धरून उभी होती.

"अहो, मागे काय लिहिलंय ते वाचलंत?"

"रन असतात मागे."

"रन छापलेले आहेत. हे पेन्सिलीनं आहे."

दादाचं शाळेतलं अक्षर, पुसट. 'धाकट्याचं. परत द्यायचं.' दुसऱ्या कार्डावर 'माझं'. तिसऱ्यावरही 'माझं'.

मी कुकर उचलला. नखानं कोपरा उचकटून पाहिला. मग हेअर ड्रायर आणला. गोंद मऊ होईल अशी कल्पना होती. मिशीवाल्या फास्ट बोलरचा फोटो पापुद्र्यासारखा अलगद माझ्या हातात आला आणि कार्डाची पाठ, तिच्यावरच्या अक्षरासकट, पुठ्ठ्यालाच राहिली. उपडी. दुसऱ्याचंही तेच झालं. तिसऱ्याला हात लावताना बायकोनं ड्रायरचा प्लग काढला.

"एकदा फोन केला असता ना," मी म्हणालो, "तर त्यानंच सांगितलं असतं कुठली कुठली माझी. सगळी नव्हती माझी. चोर चोर म्हणून मी त्याचीही घेऊन बसलोय. आता कळणारच नाही."

ते दोन पापुद्रे तिनं आपापल्या जागी ठेवले, बोटानं दाबले. 'धाकट्याचं' लिहिलेलं कार्ड माझ्या पाकिटात घातलं. फ्रेमची काच पुसली, पुठ्ठा आत सरकवला, मागचे खिळे वाकवले. खालची ओळ रिकामीच राहिली.

मग म्हणाली, "राहू द्या चिकटलेली. सोडवलीत, आणि निघाली दादांची, तर परत द्यायला कुणाकडे जाणार आहात?"