नदीखालचा रस्ता

झ्देन्का वोकाचोवाने उभी हयात बेकरीत काढली. साझावा नदीच्या वळणावरच्या ब्रोदिश्ते गावात तिच्या हातचा राय धान्याचा पाव न खाल्लेला माणूस सापडणं मुश्कील. पण पीठ मळता मळता तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहायची. गाव सगळं टेकडीवर, मग गावचं सर्वांत जुनं चर्च नदीपलीकडच्या कुरणात एकटं काय करतंय? आसपास एक घरही नाही.

"शांतता हवी असेल बिचाऱ्याला," नवरा ओताकर म्हणायचा. "तुझ्या प्रश्नांपासून."

ती निवृत्त झाली त्याच वर्षी बंधाऱ्याच्या डागडुजीसाठी नदीचं पाणी सोडून दिलं. उघडा पडलेला तळ बघायला पुलावर ही गर्दी! झ्देन्का मात्र रबरी बूट चढवून सरळ चिखलात उतरली.

"अगं ए, वय काय तुझं! रुतलीस तर मी नाही हं येणार काढायला!" ओताकर वरून ओरडला.

"नको येऊस. मासे आहेत सोबतीला!"

पात्राच्या मध्यावर पायाला टणक काहीतरी लागलं. तिने चिखल सारला. एकाला एक भिडवलेले सपाट दगड, त्यांवर चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या. गावाच्या नावाचा अर्थच नदीतला उतार, पाण्यातून पलीकडे जायची उथळ जागा. पण तो उतार पुलाखाली असणार, असंच सगळे धरून चालले होते. हे दगड पुलापासून लांब होते, आणि थेट चर्चकडे निघाले होते.

तिने संग्रहालयातल्या शिमोवाबाईंना बोलावलं. त्या चपला काढून अनवाणीच खाली आल्या.

"पलीकडे गावच होतं ना?" झ्देन्काने विचारलं.

"असेल. नाहीतर नुसता गाडीवानांचा तळ. खणल्याशिवाय कसं सांगू?"

वसंतात कुरणात खणायला सुरुवात झाली. झ्देन्का रोज ब्रश घेऊन हजर. नदीच्या गाळाच्या जाड थराखाली चुली निघाल्या, खापरं निघाली, जळकं धान्य निघालं. तेराव्या शतकातलं गाव! महापुराने लोकांना टेकडीवर पळवलं असावं. दगडी चर्च तेवढं मागे राहिलं. एके दुपारी तिच्याच ब्रशखाली एक उंबरठा उघडा झाला, मधोमध झिजलेला. त्याच्याकडे बघत ती बराच वेळ बसून राहिली.

"झालं समाधान?" घरी ओताकरने विचारलं.

"झालं बाई एकदाचं."

तो सूप ढवळत राहिला. मग हळूच म्हणाला, "पण काय गं, मुळात ती माणसं तिथे आली कुठून?"