मत्स्यापुढचं पाणी

वहिनी कुठलंही चित्र आधी उलटं धरून पाहायची. आमचं घर बुधवार पेठेत, धंदा गंजिफा रंगवण्याचा. खेळायच्या गोल पानांवर दशावतार, गिऱ्हाईक म्हणजे श्रीमंतांच्या पदरचे सरदार. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात तिनं आबांच्या हातचा वामन उलटा केला. आता बोलणी खाईल, असं मला वाटलं; खरं तर आशाच होती.

"उलटं धरलं की देव दिसत नाही, मामंजी, नुसता रंग दिसतो. तांबडा सगळा एकीकडे सांडलाय."

आबा हसले. माझ्या कामावर ते कधी हसले नव्हते. रागावलेही नव्हते.

बायकांनी जमीन, म्हणजे पानाचा मागचा रंग, भरायची, देव पुरुषांनी आखायचे, असा घरचा रिवाज. मला देव आखायचा होता. लहानपणापासून आबांच्या शेजारी बसून मी त्यांची कुंचली बघत आले, पण मागितलं कधी नाही. मागणं मला जमत नाही. वहिनीनंही मागितलं नव्हतं. तिला आबांनी आपणहून देव आखायला दिले.

पान वाढतानाही तिचं तेच. लिंबाची फोड वाढून मागे सरायची, बघायची, पुन्हा पुढे यायची. "एवढीशी असते, पण पलीकडच्या सगळ्या भाज्यांना तोलते," म्हणायची. दादा म्हणायचा, "तोलून झालं असेल तर भात वाढ. निवतोय."

एका दुपारी मी गुपचूप नरसिंह आखला. दोऱ्यानं मध्य काढून बरोबर मधोमध बसवला, भोवती वेल, वेलीत पोपट, उरल्या जागेत फुलं. वहिनी मागे कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही.

"वन्सं, रेघ तुमची माझ्याहून चांगली आहे. पण इथं सगळेच बोलतायत. सिंहाचं कोण ऐकणार?"

ती खरं बोलत होती, म्हणून मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही, याचा राग वेगळा.

मग दादाला बडोद्याला चाकरी मिळाली. निघताना मला कुंकू लावून ती म्हणाली, "मत्स्याच्या पुढे पाणी ठेवत जा, वन्सं. मागे नको. त्याला जायचंय." बाकी काही नाही. आई रडली. मी उंबऱ्यापाशी उभी होते आणि मला फार बरं वाटत होतं.

आबांनी देव माझ्याकडे दिले. दिवाळीच्या सुमारास एक कारभारी मागणीची पानं न्यायला आले. मत्स्याचं पान हातात घेऊन म्हणाले, "वा! सूनबाई आल्या वाटतं परत?"

"नाही, हे मुलीचं काम," आबा म्हणाले.

कारभाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पानाकडे. "असं होय? वळण मात्र त्यांचंच."

मी आत आले. नवं पान घेतलं आणि मुद्दाम मासा मधोमध आखला. मेलेला दिसत होता. तिला मनातल्या मनात चार शब्द ऐकवले, मासा पुसला, आणि मागे सरकवून पुन्हा आखला.