पाण्याखाली धागा तुटला

माझा डावा कान समुद्रात गेला, हे सोलापुरात सांगून सांगून मी थकलोय. "हितं नळाला पाणी न्हाय, आन तुमी समुद्रात बुडालात व्हय?" असं म्हणून लोक हसतात.

तारकर्लीला गेलो ते बायकोच्या हट्टापायी. सुनंदाला पाण्याखालचे मासे बघायचे होते. मला फक्त झोपायचं होतं! मी चादरीच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांचा मिस्त्री. यंत्रमाग बिघडला की नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखतो. कानावरच पोट आहे माझं. असा मी, पाठीवर सिलिंडर बांधून होडीच्या काठावर बसलो.

शिकवणारा मालवणी दादा म्हणाला, "काकानू, खाली जाताना कानात दाब येता. नाक धरूचा आणि हळू फुकूचा. दुखूच्या आधीच! जोर लावूचो नाय." मग तो हातखुणा दाखवायला लागला आणि मी जांभई दिली. मला हातखुणा शिकवतोय! मागांच्या खडखडाटात आमचं सगळं बोलणं हातवाऱ्यांवरच चालतं की!

खाली निघालो. सुनंदा शहाण्या मुलीसारखी नाक धरून फुंकत पुढं गेली. दादानं माझ्यासमोर येऊन स्वतःच्या कानाला बोट लावलं. आमच्या शेडमध्ये त्याचा अर्थ एकच, 'तुमचा फोन आलाय.' (इथं? कुणाचा?) मी हात हलवून 'नंतर बघू' म्हणून कळवलं.

थोडं खाली गेलो आणि कानात कुणीतरी दाभण खुपसतंय असं वाटलं. मी जाम घाबरलो. अंगठा आणि बोट जुळवून दादाला दाखवलं. शेडमध्ये याचा अर्थ, 'धागा तुटला, माग थांबवा!' पाण्याखाली याचा अर्थ, 'सगळं झकास!' दादा खूश झाला. त्यानंही अंगठा-बोट जुळवून दाखवलं. (अरे देवा, ह्याचाही तुटला!) आणि मला धरून तो आणखी खाली निघाला.

तेव्हा कुठं मला फुंकायचं आठवलं. तेही अर्धंच! नाक दाबलं आणि शंख फुंकावा तसा जोर लावला. कानात फट्‌ झालं. दादानं मला वर आणलं तेव्हा मास्कमध्ये नाकातलं रक्त होतं.

"अहो, ऐकायला येतंय का?" सुनंदा ओरडली.

"आँ?"

"अगं बया! आता मी कुणाशी बोलू?" आणि ती रडायलाच लागली.

सोलापुरात कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. "दुखलं तर थोडं वर यायचं, जोर कशाला लावायचा?"

"पडदा फाटलाय का ओ?" मी उजवा कान पुढं करून विचारलं.

"सुजलाय. होईल बरा. वाचलात!"

सुनंदाचा जीव भांड्यात पडला. माझाही पडला, खोटं कशाला बोलू?

परत येताना खडखडत्या रिक्षात ती माझ्या डाव्या बाजूला बसून लई मायेनं काहीतरी बोलत होती. मला एक अक्षर कळेना. पण बाई इतकी रडलेली, पुन्हा 'आँ' कुठं करायचं? मी आपला प्रत्येक वाक्याला 'व्हय, व्हय की' म्हणत गेलो.

घरी आल्याआल्या तिनं लेकीला फोन लावला. "अगं, कान बरा झाला की बाबा परत पाण्यात उतरतायत! ह्या वेळी अंदमानला! मी कशाला हट्ट करू? आपणहून व्हय म्हणाले!"

हे मात्र मला उजव्या कानानं स्वच्छ ऐकू आलं.