कोपऱ्यातली कणी

काटकोनात दुमडलेल्या पटाशीच्या आतल्या कोपऱ्यात तुम्ही कधी नख फिरवून पाहिलंय? नाही ना? मग बाईच्या हाताला सुतारकाम सोसत नाही, हे कुणाच्या जोरावर बोलता?

रेवदंड्याच्या बंदरावर सगळे तेच बोलत होते. भागोजी मिस्त्री गेले, त्यांची पेटी लेकीने, किशोरीने उचलली. धनेश नाखव्याची होडी हे तिचं एकटीचं पहिलं काम. पुनवेचं उधाण दुपारी भरणार. तेवढं पाणी चुकलं की उंचावर टेकूंवर उभी होडी पंधरा दिवस कोरड्यात. आणि डोलकाठी बसेना. तिचा बुंधा ज्यात बसतो, ते तळाच्या लाकडातलं चौकोनी भोक तीन कोपऱ्यांत स्वच्छ होतं. चौथ्यात लाकूड कापलं जात नव्हतं, उसवत होतं.

किशोरीने पटाशी उन्हात धरली. दोन पात्यांच्या सांध्यात तांदळाच्या कणीएवढं पोलाद राहिलं होतं. चूक तिचीच. सकाळच्या घाईत पाती घासली, कोपरा सोडला.

"ग्राइंडर हाय ना?" नाखवा खेकसला.

"गोल चाक कोपऱ्यात शिरतं काय, नाखवा?"

तिने बापाचा धार लावायचा पातळ दगड काढला. त्याची कडच झिजून गोल झालेली. मग ती फरशीच्या तुकड्यावर पाणी टाकून कड सरळ करायला दगडच घासत बसली.

"पानी टेकूंना लागलं, अन् ही दगडाला धार लावते," जुना सुतार येसाजी हसला. "बापानं हेच शिकवलं व्हय?"

"व्हय, काका. त्या दिवशी तुम्ही न्हाय आलात."

बोलता बोलता तिने पटाशी उचलली. एक घासा जास्त झाला तर कोपऱ्यात खळगी पडते, मग ती जाईपर्यंत दोन्ही पाती घासून मागे घ्यायची. दिवसभराचं काम. दगडाची कड सांध्यात टेकवून तिने सरळ सात घासे मारले. सांध्यात नख फिरवलं, ते अडलं. आठवा मारला, आणि दगडाच्या कडेचा मोठा टवका उडाला.

नख मात्र सरकून गेलं.

चौथ्या कोपऱ्यातून सलग ढलपी निघाली. चार गड्यांनी काठी उचलली. बुंधा ठप्पकन बसला. भरतीच्या पाण्यावर होडी हलली.

नाखव्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. "भावाची होडी येतेय पुढल्या महिन्यात. कोपरा घरूनच घासून ये."

येईल ती. पण बापाचा दगड आता कामाचा राहिला नाही, आणि तसा पातळ, घट्ट दगड बाजारात मिळत नाही. तुमच्या माळ्यावर आजोबांची सुतारपेटी असेल, तर भंगारात घालण्याआधी उघडा. दगड सापडला तर रेवदंड्याला या आणि किशोरीच्या हातात द्या.