वहिनीचं रीळ

फिटरला 'शिकाऊ' म्हणून कुणी हाक मारली असेल तर ती मिशी फुटायच्या आधी. त्यानंतर पंपदुरुस्तीच्या कारखान्यात त्याचा शब्द शेवटचा. चालत्या पंपाला नुसता कान लावायचा आणि कुठलं बेअरिंग बोंबलतंय ते सांगायचा. आणि आता, कारखाना सुटल्यावर, डोक्यावरचे केस आणि तोंडातले दात निम्म्यावर आल्यावर, हा बाप्या वहिनीच्या खोलीत बुटक्या स्टुलावर बसून लोकर कातायला शिकत होता. लोकर काही त्याला जुमानत नव्हती.

"हे काय कातलंयस?" त्याचा थोरला भाऊ, दादा, पेपराआडून डोकवायचा. "अजगराने एकामागून एक ससे गिळल्यासारखं दिसतंय."

"तू पेपर वाच."

"वाचतोय की. पण तुझ्याइतकी करमणूक त्यात नाही."

वहिनी खुर्चीतून दोघांकडे बघून हसायची. हसणं अर्धंच, कारण थंडीत पॅरालिसिसचा झटका आला तेव्हापासून तोंडाची उजवी बाजू तिचं ऐकत नव्हती. उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच. बोलणं एकदोन शब्दांवर आलेलं, आणि त्यातही घोटाळे. पाणी हवं असलं की खिडकी मागायची. दादा निमूटपणे आधी खिडकी उघडून द्यायचा, मग पाणी.

झटका आला त्याच आठवड्यात तिने एक रीळ कातून पुरं केलं होतं. पायाने चालवायचा लाकडी चरखा होता तिचा, पाय ठेवायच्या जागी सागवान अगदी गुळगुळीत झालेलं. कातलेला एकेरी धागा कच्चा असतो, ओढला की तुटतो. असे दोन धागे एकमेकांभोवती पिळले म्हणजे विणण्याजोगं दुपदरी सूत होतं. वहिनीचं एक रीळ भरलं होतं, केसासारख्या एकसारख्या धाग्याचं. दुसरं सुरूच व्हायचं होतं.

पुढे तिच्यासाठी उंच पलंग आणायचा ठरला. खोलीत जागा कुठली? दादाने चरख्याचं एक टोक धरलं, फिटरने दुसरं, माळ्यावर टाकायचा म्हणून. तेवढ्यात वहिनीच्या गळ्यातून असा आवाज निघाला की दोघांच्या हातून चरखा सुटता सुटता राहिला. तिने डाव्या हाताने ते भरलेलं रीळ हिसकून घेतलं आणि पोटाशी आवळून धरलं. कुणाला हात लावू देईना. दादा तिथल्या तिथे जमिनीवर बसला. बायकोला रडताना बघायची त्याला सवयच नव्हती.

काही तरी बोलायला हवं म्हणून फिटर बोलून गेला, "वहिनी, दुसरं रीळ मी कातून देतो. तुझं आणि माझं मिळून पिळू. मग तर झालं?"

तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. पान्यासारखी बोटं, नखांत जन्माचं ऑइल. आणि झटक्यानंतर पहिल्यांदा तिला हसू फुटलं. आता माघार घ्यायची सोयच उरली नाही.

तसं फिटरला माघार घ्यायचीही नव्हती. वहिनी या घरात नवी नवरी म्हणून आली तेव्हा तो एवढासा पोर होता आणि आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. ती त्याला पहिल्या दिवसापासून अहो-जाहो करायची, आणि अहो-जाहो करत कान पिळायची. "भावोजी, नाक पुसा. भावोजी, पाढे म्हणा, नाही तर जेवण नाही." आई गेल्यापासून या भावोजींना रात्री अंथरूण ओलं करायची खोड लागली होती. एका पहाटे तो ओली गोधडी खाटेखाली कोंबताना सापडला. वहिनी एक अक्षर बोलली नाही. गोधडी ओढून काढली, धुतली, पिळून वाळत घातली. सासऱ्यांनी विचारलं तर म्हणाली, माझ्या हातून पाण्याचा हंडा कलंडला. मग पुढे कितीदा तरी तो हंडा कलंडत राहिला. सून धांदरट आहे, हातात काही ठरत नाही, असं सासरे चारचौघांत म्हणायचे आणि ती खाली मान घालून ऐकून घ्यायची. खोड सुटली, भावोजी कमावते झाले, दिराभावजयीची भांडणंही कमी झाली नाहीत, पण रागाच्या भरातसुद्धा तिने तो विषय काढला नाही. दादालाही सांगितलं नाही. आणि फिटरनेही कधी तिचे आभार मानले नाहीत. असल्या गोष्टीचे आभार मानायचे तरी कसे? सुरुवात कुठून करायची?

तर दुसरं रीळ भरलं. कुठे दोरखंड, कुठे कोळ्याचा धागा, पण भरलं.

त्या दुपारी वहिनीचा डोळा लागला होता. फिटरच्या मनात आलं, उठल्यावर तिला तयार सूतच हातात द्यावं. दोन पदर पिळायचे, यात काय मोठं? हे तर आपलं काम. त्याने दोन्ही रिळं घोडीवर, म्हणजे रिळं अडकवायच्या लाकडी चौकटीवर, चढवली, दोन टोकं एकत्र बांधली आणि चाक उजवीकडे फिरवायला घेतलं, कातताना फिरवायचं तसंच. जन्मभर त्याच्या हाताला एकच ठाऊक होतं: उजवीकडे फिरवलं की आवळतं, डावीकडे फिरवलं की सुटतं. नट असो, बोल्ट असो, नळ असो.

सूत आवळत गेलं. आधी तारेसारखं कडक झालं. मग स्वतःभोवतीच वेटोळी घालायला लागलं, जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी. 'थोडं आणखी आवळलं की बसेल जागेवर,' असं म्हणत त्याने पाय हाणला. बसलं नाहीच. जरा सैल सोडलं की गांडुळांचा गुंता. त्याने थांबून पाहिलं तर वहिनीचं निम्मं रीळ त्या गुंत्यात गेलेलं.

आता तिच्या हातचा असा धागा पुन्हा होणार नव्हता. डॉक्टर काहीही म्हणोत, बोटांचं ते कसब परत यायचं नाही हे घरात सगळ्यांना कळत होतं. फक्त कुणी बोलत नव्हतं. आणि उरलेल्या त्या एकाच रिळाची त्याने माती केली होती. त्याची नजर पलंगाखाली गेली. कोंबावं हे सगळं तिथे. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. एवढं वय झालं, अजून पलंगाखालीच?

वहिनी जागी होऊन बघत होती.

"वहिनी, माझ्या हातून वाटोळं झालं." त्याने गुंता तिच्या मांडीवर ठेवला. दादाने पेपर खाली घेतला.

वहिनीने एक टोक डाव्या हाताच्या दोन बोटांत धरलं. फिरवून पाहिलं. फिटरकडे पाहिलं. तोंड हललं, शब्द सापडेना. मग चिडून तिने डावा हात पुढे केला आणि चाकाला धक्का दिला. डावीकडे.

"उलट," ती म्हणाली.

"अगं, उलट फिरवलं तर सगळं सुटेल!"

"सुटू द्या."

त्याने बिघडलेल्या सुताचं रीळ घोडीवर लावलं, चरख्यावर रिकामं चढवलं आणि जीव मुठीत धरून चाक उलटं फिरवलं. वेटोळी उलगडली. पीळ सुटत सुटत दोन पदर अगदी वेगळे झाले, समांतर, जणू कधी एकमेकांना भेटलेच नव्हते. फिटर थबकला.

"चला, चला," वहिनी.

त्याने पाय चालू ठेवला. आणि मग ते दोन पदर हळूच दुसऱ्या बाजूने एकमेकांवर रेलले. मऊ, गोल, न चिडता.

"आयला," फिटर म्हणाला. "म्हणजे कातताना उजवीकडे आणि पिळताना डावीकडे? हे आधी सांगायचंस की!"

"विचारलं... होतंत... कधी?" वहिनी म्हणाली. इतकं लांब वाक्य तिच्या तोंडून ऐकून दादा पेपर घडी करून जवळच येऊन बसला.

उरलेलं त्यांनी मिळून पिळलं. फिटर पाय मारायचा आणि सूत चरख्याला द्यायचा. वहिनी डाव्या हाताची बोटं दोन धाग्यांच्या मध्ये घालून ते वेगळे धरायची. त्याच्या धाग्याचा गठ्ठा आला की बोटं आवळून धरायची, आणि तिचा धागा त्या गठ्ठ्याला वळसा घालून पुढे जायचा.

"तीन हात आणि एक पाय," दादा म्हणाला. "शिकाऊ माणूस लावून घेतलास, पण बरा मिळाला."

सूत दोन खुर्च्यांच्या पाठींवर गुंडाळून लड केली, चार ठिकाणी सैल दोरे बांधले. पण धुतल्याशिवाय पीळ बसत नाही. फिटरने बादलीत कोमट पाणी काढलं. वहिनीची खुर्ची मोरीच्या दाराशी आणली. तान्ह्या बाळाचं पाणी बघावं तसं तिने कोपर बुडवून पाहिलं आणि मान हलवली. लड बुडाली. फिटरचे हात सवयीने चोळायला गेले.

"चोळू नका!" चोळली तर लोकर आटून तिचा गोळा होतो, हे तो तिच्या चेहऱ्यावरूनच समजला. त्याने नुसती दाबली. पाणी गढुळलं, बदलल्यावर निवळलं. टॉवेलात गुंडाळून पाणी टिपलं. लड सरळ राहावी म्हणून त्याने खिशातला पाना काढून खाली अडकवायला घेतला, तर वहिनीने हातावर चापट मारली आणि भिंतीकडे बोट करून आपटायची खूण केली. मग त्याने लड भिंतीवर दोनतीनदा फाडफाड आपटली, तशी ती फुलून आली. खिडकीतल्या दोरीवर टांगली. दोघं बघत राहिली. लड ना डावीकडे वळली ना उजवीकडे, म्हणजे पीळ बरोबर बसला होता. गपगुमान खाली लोंबत राहिली. वहिनीचा धागा कुठला आणि फिटरचा कुठला हे लांबून कळत नव्हतं.

मोरीपासून खिडकीपर्यंत पाण्याचा माग पडला होता. दादाचा पाय त्यात पडला.

"अरे, घरभर थारोळं! एवढं काय धुतलंत?"

वहिनीने तोंड जुळवलं. "गो... गोधडी."

"गोधडी नव्हे गं," दादा समजुतीने म्हणाला. "चुकला शब्द. लड म्हण, लड."

फिटरने वळून पाहिलं. वहिनीच्या तोंडाची उजवी बाजू होती तिथेच होती. डावी मात्र हसू दाबून दाबून थरथरत होती आणि डोळे सरळ त्याच्यावर रोखलेले होते.

"चुकला नाही, दादा," फिटर म्हणाला. मग तो वहिनीसमोर उकिडवा बसला आणि तिचा ओला हात टॉवेलाने पुसायला लागला. "छान धुतलीस हो, वहिनी. दर वेळी छान धुतलीस."

"कुठली गोधडी?" दादा विचारत राहिला. "अरे, मला कुणी सांगेल का?"