मार्करकाका

मार्करकाकांच्या कीबोर्डवर एम हे अक्षरच उरलं नव्हतं. मार्कर टाकायचा म्हणजे ती कळ दाबायची, आणि काका ती डास मारावा तशी दाबत. नारायण पेठेत लग्नाच्या कॅसेट जोडून देण्याचं त्यांचं दुकान होतं. कॉम्प्युटर आला तेव्हा भल्याभल्यांनी हा धंदा सोडला. काका मात्र पन्नाशीत नवा चष्मा करून शिकायला बसले. त्यांच्याकडे मी पहिली नोकरी केली. आमच्या घरात कॉम्प्युटरवर बसणारी मी पहिलीच, त्यामुळे आईने वस्तीभर सांगून ठेवलं होतं. नोकरी गेली असती तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

पहिल्याच दिवशी त्यांनी पडद्यावरची टाइमलाइन दाखवली. एकाखाली एक आडव्या पट्ट्या, म्हणजे ट्रॅक. "अहो मॅडम, वरच्या ट्रॅकवर माणसं. खालच्यावर त्यांची बडबड. त्याच्याखाली सनई. भांडण दिसलं की बडबड बंद, सनई मोठी. एवढं आलं की लग्नाचं एडिटिंग आलं." एवढ्या विद्येवर त्यांनी पुण्यातले कितीतरी व्याही एकमेकांशी बोलते ठेवले होते.

मार्कर म्हणजे टाइमलाइनवर लावायची छोटी रंगीत खूण. कुठे काय आहे ते सापडावं म्हणून तिच्यात दोन शब्द लिहिता येतात. बाकीचे लोक 'मंगलाष्टकं', 'जेवण' असं लिहीत. काका लिहीत, 'मामा, तिसरी जिलेबी.' 'आत्या बांगड्या दाखवतात, पुन्हा.' 'वरमाय, कपाळाला आठ्या. सनई वाढवा.'

"काका, कोणी वाचलं तर?" मी एकदा विचारलं.

"आपण दोघंच वाचतो. आणि आपल्याला कोण जेवायला बोलावतंय?"

मग एकदा डीव्हीडी तयार करताना एका चौकटीत मी बरोबरची खूण करून बसले. त्या चौकटीचा अर्थ असा, की मार्करमधला मजकूर डीव्हीडीच्या सुरुवातीच्या यादीत दिसावा. शनिवार पेठेतल्या त्या घरी पाहुणे जमवून, चिवड्याच्या बश्या भरून टीव्ही लावला गेला, आणि यादी आली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच वरमाय दारात, मागे वरपिता.

"अहो, हे आपण लिहिलंत? माझ्या कपाळाला आठ्या?"

चूक माझी, हे सांगायला मी तोंड उघडलं, तोवर काका म्हणाले, "मीच लिहिलं. यादीतही मीच घातलं. माफ करा. पण आठ्या आहेत की नाहीत?"

"आहेत," वरपिता मागून हळूच म्हणाले.

बाईंनी वळून पाहिलं. त्या नजरेला सनईही पुरली नसती.

"उद्या नवी डीव्हीडी मिळेल," काका म्हणाले. "यादीशिवाय."

ते दोघं गेल्यावर मी रडायलाच लागले. काकांनी पडद्यावरून मानही वळवली नाही. "चौकट कुठली ते कळलं ना? मग बसा कामाला. रडण्याचं शूटिंग आपल्याकडे भरपूर आहे."

पुढे मला हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरी लागली आणि लग्नही ठरलं. काका आठवडाभर आधी घरी आले, आईसमोर वही उघडून बसले. "तुमच्यात मंगलाष्टकं नसतात ना? मग क्रम सांगा." आईने त्रिशरण, पंचशील सगळं सांगितलं आणि त्यांनी ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. लग्नात कॅमेरा त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नाही.

महिन्याभराने डीव्हीडी द्यायला आले. "त्या चौकटीत या वेळी मी मुद्दाम खूण केली आहे," एवढंच म्हणाले आणि चहा न घेता गेले.

आम्ही टीव्ही लावला. आई यादी मोठ्याने वाचू लागली. 'पंचशील. सगळे शांत. सनई लागत नाही.' 'वरमाय, कपाळ स्वच्छ.' 'मामा, जिलेबी मोजणं सोडलं.' सासूबाईंसकट सगळे हसत होते. शेवटच्या ओळीला आई थांबली, म्हणून ती मी वाचली.

'पाठवणी. कॅमेरा हलला आहे. कारण विचारू नये.'

मी विचारलं नाही. आता विचारायला काका नाहीत.