बी, सी, डी, पी, टी

स्टोअरच्या खिडकीत बसणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. ते असेंब्ली लाइनवरून स्वतःच्या पायांनी चालत येतात, आणि येताना अर्धं विसरून येतात! चाकणच्या एका कंपनीत मी अकरा वर्षं त्या खिडकीत आहे. मोबाइल गेटवर जमा, ऑइलच्या हातात कागद टिकत नाही. म्हणून सुपरवायझर सांगतो ते रॅक घोकत माणूस माझ्याकडे येतो. रॅक एकूण पाच: बी, सी, डी, पी, टी. दर वेळी त्यांतले सुट्या भागांचे तीन-चार क्रेट न्यायचे, तेही लाइनवर लागतील त्याच क्रमाने. ही नावं कुणी ठेवली, देव जाणे!

*

लातूरचा शिंदे एकदा खिडकीशी येऊन नुसताच उभा राहिला. "टी, डी... पी? का बी?"

"ऐकलं नाहीस का नीट?"

"ऐकले की भाऊ, चारही ऐकले! चालता चालता आपसात मिसळले."

*

हाच शिंदे कॅन्टीनमधून आठ जणांचा नाश्ता तोंडी सांगून आणतो. मिसळ, इडली, ताक, एकाचा बिनसाखरेचा चहा. एक चूक नाही. मी विचारलं, "हे बरं लक्षात राहतं रे?"

"राव, मिसळ आणि ताक सारखं वाजतं का?"

*

कांबळेभाऊंचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. रिटायर व्हायला दोन वर्षं, गुडघे गेलेले, म्हणून प्रेस मशीनवरून काढून त्यांना क्रेटच्या ट्रॉलीवर दिलं होतं. दोनदा क्रम चुकला, दोनदा लाइन थांबली. नवे साहेब म्हणाले, "तिसऱ्यांदा थांबली की परत प्रेसवर!" तिथे आठ तास उभं राहायचं. मला वाईट वाटलं, पण खिडकीतून काय बोलणार?

*

सोमवारी कांबळेभाऊ आरामात आले. "देहू, भोसरी, ताथवडे."

"काय?"

"डी, बी, टी. बसचे स्टॉप कधी इसरतो का आपण?"

त्यानंतर एकही चूक नाही. साहेबांच्या कानावर गेलं, तसे ते भडकले. "हे स्टोअर आहे की बसस्टँड? कोडच बोलायचा!"

"व्हय साहेब," कांबळेभाऊ म्हणाले. तोंडात कोड आला, डोक्यात गावं राहिली.

*

मग ऑडिट आलं. ऑडिटर साहेबांनाच म्हणाला, "डी, टी, बी, पी. तुम्हीच आणून दाखवा." साहेब ताठ मानेने निघाले. मागे पॅड घेऊन ऑडिटर, त्याच्यामागे ट्रॉली ढकलत कांबळेभाऊ.

खिडकीशी साहेब म्हणाले, "डी... पी..." आणि थांबले. ऑडिटरने पेन उघडलं.

कांबळेभाऊंनी छताकडे बघत कंडक्टरसारखी हाळी दिली, "चला देहू, ताथवडे, भोसरी, पिंपरीऽ!"

"डी, टी, बी, पी," साहेब एका दमात म्हणाले. मी चार क्रेट ट्रॉलीवर ठेवले.

ऑडिटर पुढे निघाल्यावर साहेब हळूच म्हणाले, "कांबळे, ते प्रेसचं राहू द्या."

"प्रेसचं काय, साहेब?" कांबळेभाऊ ट्रॉली वळवत म्हणाले. "माझ्या तर ध्यानातच न्हाई!"